तारेवर पडलेली वेळ

फौजदार कसा असावा, या विषयावर आपल्याकडे पारावर जेवढे बोलणे होते तेवढे पीकपाण्यावरही होत नसेल. विहिरीवरची मोटार चोरीला गेली, कुणाच्या गोठ्यातली बैलजोडी रातोरात सोडून नेली, बाजारच्या दिवशी कुणा म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ तोडली, की संध्याकाळी हा विषय निघतोच. त्याचा शेवटही ठरलेला असतो. कुणीतरी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून म्हणतो, "कोर्टकचेरीत काय ठेवलंय? वकील येतो, जामीन होतो, चोर आपल्या आधी घरी. मुंबईला होते तसले फौजदार पाहिजेत. उचलला की उडवला. विषय संपला." आणि आजूबाजूचे माना डोलावतात.

असे बोलणारी माणसे वाईट नसतात. ज्याची बैलजोडी गेली त्याचा हंगाम गेला. तारखांना खेटे घालून ज्याच्या चपला झिजल्या, त्याने न्यायालयाविषयी चांगले बोलावे तरी कसे? पण "उचलला" आणि "उडवला" या दोन शब्दांच्या मधे काही तास जातात. त्या तासांत काय घडते, हे एका खटल्यात न्यायालयाने फार बारकाईने तपासले. तो खटला मी मिळेल तिथून वाचत आलो, कारण त्यात जी वस्तू महत्त्वाची ठरली तिच्याशी माझा जन्मभर संबंध आला. ती वस्तू म्हणजे तार. तालुक्याच्या पोस्टात मी सव्वीस वर्षे तारा घेतल्या आणि वाटल्या. पंचक्रोशीत अजूनही मला तारमास्तर म्हणतात, तार बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी.

आधी शब्दाचेच बघा. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की वर्तमानपत्रात "चकमक" असे छापून येते. चकमक म्हणजे काय, हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारावे. पूर्वी चंचीत गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस असायचा. पोलाद गारगोटीवर मारले की ठिणगी पडे आणि चिलीम पेटे. दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या तरच ती चकमक. एकटे पोलाद हवेत फिरवून ठिणगी पडत नाही. म्हणजे चकमक म्हणायची तर समोरून गोळी आली पाहिजे. समोरचा माणूस दुपारपासून आपल्याच ताब्यात असेल, तर तो रात्री गोळी कुठून झाडणार?

मुंबईत या प्रकाराची सुरुवात मन्या सुर्वेपासून झाली असे सांगतात. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८३ साली, फौजदारांची एक तुकडी खात्यात दाखल झाली. तिच्यातल्या काही जणांची नावे पुढे घराघरांत पोचली. प्रदीप शर्मा त्यांच्यातलेच. आपल्या खानदेशात, धुळ्याला वाढलेले. वडील शिक्षकी पेशातले. नव्वदच्या दशकात मुंबईत टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. बिल्डर, सिनेमावाले, हॉटेलवाले खंडणीच्या फोनने हैराण झाले होते, भर रस्त्यात माणसे मारली जात होती. त्या काळात शर्मा यांच्या नावावर शंभरावर चकमकी जमा झाल्या. वर्तमानपत्रे आकडा छापीत, लोक तो क्रिकेटच्या धावांसारखा मोजत. या माणसांवर सिनेमे निघाले, आणि आपल्या यात्रेतल्या तंबूतसुद्धा त्यांना शिट्ट्या पडल्या.

आता तो दिवस. ११ नोव्हेंबर २००६. नव्या मुंबईत वाशीला दुपारी दोन मित्रांना काही माणसांनी गाडीत घालून नेले. त्यांतला एक रामनारायण गुप्ता, ऊर्फ लखन भैया. पोलिसांच्या दप्तरी तो छोटा राजनच्या टोळीचा माणूस. त्याच्यावर गुन्हे दाखल होते आणि तो काही देवमाणूस होता असे मला सांगायचे नाही. रात्री आठच्या सुमारास अंधेरीत वर्सोव्याला, नाना-नानी पार्कजवळ, तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पोलिसांनी सांगितले ते नेहमीचेच. खबर मिळाली होती, सापळा लावला, शरण ये म्हटले, त्याने गोळी झाडली, आम्ही स्वसंरक्षणासाठी झाडली. सकाळच्या पेपरात चार ओळी आल्या असत्या, पारावर कुणीतरी "बरं झालं" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता.

संपला नाही, कारण लखन भैयाचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने त्याच दुपारी वरच्या पोलीस अधिकाऱ्यांना तारा केल्या, फॅक्स पाठवले. मजकुराचा अर्थ असा, की माझ्या भावाला पोलिसांनी नेले आहे आणि खोट्या चकमकीत त्याला मारतील अशी मला भीती वाटते.

वाचकहो, या जागी मी थोडा थांबणार आहे, कारण ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे.

तार म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना सांगावे लागते. खिडकीवर माणूस यायचा, फॉर्मवर मजकूर लिहायचा, बहुतेक वेळा आम्हालाच लिहायला लावायचा. शब्द मोजून पैसे घ्यायचे, म्हणून लोक शब्द तोलून वापरत. "बाप आजारी ताबडतोब ये." एवढ्यात सगळे आले. आजारी लिहिले तरी घेणाऱ्याला कळायचे की बाप गेला. गावात तारेचा शिपाई सायकलवरून दिसला की बायका आधी रडायला लागत, तार नंतर वाचली जाई. मुलगा नोकरीला लागल्याच्या तारेवरही मी रडारड ऐकली आहे. मास्तरांनी वाचून अर्थ सांगेपर्यंत चूल विझायची.

पण आम्हा तारवाल्यांना मजकुरापेक्षा मथळा मोठा. मथळ्यात कुठल्या कचेरीतून तार निघाली, किती शब्द, कोणत्या तारखेला आणि किती वाजता खिडकीवर दिली, हे सगळे यायचे. वेळ ही आम्हाला देवासारखी होती. आमचे साहेब म्हणायचे, मजकुरात काना-मात्रा चुकली तर निभावेल, वेळ चुकली तर खुलासा द्यावा लागेल. पैसे भरणाऱ्याला पावती मिळायची. कचेरीत मूळ फॉर्म ठरावीक महिने जपून ठेवत आणि मुदतीत मागितली तर खरी नक्कल मिळे. भाऊबंदकीच्या दाव्यात अशा नकला मागायला लोक माझ्याकडे आलेले आहेत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तारेसाठी वेगळे कलमच होते, ८८ वे. पोचलेला मजकूर तोच पाठवायला दिलेला मजकूर, असे न्यायालयाने धरून चालायला हरकत नाही. मात्र पाठवणारा कोण, हे धरून चालायचे नाही, ते शाबीत करावे लागते. इतका बारीक विचार त्या जुन्या लोकांनी केला होता.

तेव्हा लखन भैयाच्या भावाने काय केले ते नीट लक्षात घ्या. रात्री माणूस मेल्यावर "त्याला दुपारीच धरले होते" असे कुणीही बोंबलू शकतो. घरचे असेच म्हणणार, म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण माणूस जिवंत असतानाच हे लिहिले गेले आणि सरकारच्याच यंत्रणेने त्यावर वेळ टाकली. माणूस मेला रात्री, आणि तो मारला जाईल हा कागद निघाला दुपारी. भावाला काही ज्योतिष येत नव्हते. मग पोलिसांनी सांगितलेला सापळा, खबर आणि समोरून आलेली गोळी, या सगळ्याचे काय करायचे? त्या गाठीने ही गोष्ट अशी बांधली गेली की पुढे सतरा वर्षे ती कुणाला सोडवता आली नाही.

भावाने लगेच मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. २००८ साली उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करायला सांगितले. चौकशीत निघाले की हा माणूस चकमकीत मेला नाही, ताब्यात असताना मारला गेला. २००९ साली विशेष तपास पथक नेमले गेले. २०१० च्या जानेवारीत शर्मा यांना अटक झाली. सरकार पक्षाचे म्हणणे असे, की मुळात हे जागा-जमिनीच्या व्यवहारातले वैर होते आणि त्यापायी पोलिसांकडून हा माणूस मारवला गेला. हे वाचताना मला आपल्याच शिवारातले बांध आठवले. जमिनीच्या वैरापायी माणूस मारायला पूर्वी कुऱ्हाडवाला शोधत. इथे, सरकार पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे, वर्दीवाला शोधला.

लखन भैयाबरोबर उचललेला तो मित्र त्या रात्री मेला नाही. त्याला पोलिसांनी पुढे महिनाभर बेकायदा अडकवून ठेवले होते. पहिल्यापासूनचे सगळे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार तो. मार्च २०११ मध्ये न्यायालयात त्याची साक्ष व्हायची होती. साक्षीच्या तीन-चार दिवस आधी तो घरातून गेला तो आलाच नाही. काही आठवड्यांनी मनोरच्या बाजूला एक मृतदेह सापडला. तोंड पाहून ओळखण्याजोगा नव्हता, रक्तामांसाची डीएनए तपासणी करून तो त्याचाच असल्याचे ठरवावे लागले. म्हणजे बघा, बोलणारा माणूस नाहीसा झाला, पण न बोलणारा कागद शिल्लक राहिला.

त्याच वर्षी मे महिन्यात या खटल्यातल्या काही पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती काटजू आणि न्यायमूर्ती मिश्रा यांनी जामीन नाकारताना जे सांगितले, ते पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक पोराला वाचून दाखवावे असे मला वाटते. खोटी चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून आहे, आणि असा खून करणाऱ्या पोलिसाला फाशीच दिली पाहिजे. वरिष्ठांचा हुकूम होता, ही सबब चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत न्यूरेंबर्गला हिटलरच्या माणसांवर खटले चालले, तेव्हा तीही हेच सांगत होती की हुकूम तो हुकूम, आणि तरी त्यांना फासावर जावे लागले. असा त्या निकालाचा आशय.

माझा पुतण्या पोलिसात शिपाई आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो बराच वेळ पायाचा अंगठा जमिनीवर घासत बसला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला बोलायला सोपं आहे. साहेब म्हणतात गाडीत बस, मी बसतो. कुठं जायचं ते विचारायची आम्हाला चाल नाही."

मी म्हटले, "गाडीत बसणं निराळं आणि पुढचं निराळं."

"पुढचं सुरू झाल्यावर गाडीतून उतरता येतं होय?" तो म्हणाला.

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते, आणि कुणी असल्याचा आव आणला तर मी मानणार नाही. लखन भैयाच्या खटल्यातल्या आरोपींत हवालदार होते, शिपाई होते. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आईबापांनी पोरगा सरकारी नोकरीला लागला म्हणून गावात पेढे वाटले असतील. नाव मोठ्या साहेबाचे झाले. २०१३ च्या जुलैत सत्र न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा एकवीस जणांना जन्मठेप झाली, त्यांत तेरा पोलीस. साहेब मात्र, म्हणजे शर्मा, त्या वेळी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो हसला, पण ते हसणे मला काही बरे वाटले नाही.

एक योगायोग मला अजून चुटपुट लावतो. ती शिक्षा सुनावली गेली १२ जुलै २०१३ ला. आणि दोनच दिवसांनी, १४ जुलैला, आपल्या देशात शेवटची तार घेतली गेली. दीडशे वर्षांहून जास्त चाललेला कारभार बंद झाला. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी त्या दिवशी घरात बसवेना म्हणून पोस्टात जाऊन आलो.

पुढची हकीगत लांबवत नाही. २०१५ च्या अखेरीला राज्य सरकारने शिक्षा झालेल्या अकरा पोलिसांची शिक्षा काही काळ स्थगित केली. ती स्थगिती उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. शर्मा सुटल्यावर २०१७ साली पुन्हा खात्यात घेतले गेले, ठाण्याला खंडणीविरोधी पथकावर बसले, २०१९ मध्ये नोकरी सोडून नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि पडले. आणि १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी, त्यांची सुटका रद्द करून त्यांना खुनासाठी जन्मठेप दिली. निकालपत्र आठशेहून अधिक पानांचे. मृताच्या शरीरात मिळालेली गोळी शर्मा यांच्या पिस्तुलातली असल्याचा शास्त्रीय अहवाल खालच्या न्यायालयाने बाजूला ठेवला होता, तो उच्च न्यायालयाने मानला. कायद्याच्या रखवालदाराला वर्दीतला गुन्हेगार होऊ देता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. बाकीच्या बारा पोलिसांचीही शिक्षा कायम राहिली. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिथे एप्रिल २०२४ मध्ये त्यांना तूर्त शरण न येण्याची मुभा मिळाली.

याशिवाय दुसरे एक प्रकरण आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या एका व्यापाऱ्याचा मृतदेह मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. त्या खुनात हात असल्याच्या आरोपावरून राष्ट्रीय तपास यंत्रणेने शर्मा यांना जूनमध्ये अटक केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मी तारवाल्याच्या शिस्तीने सांगतो. जे शाबीत झाले नाही ते शाबीत झाले असे लिहायचे नाही.

पण मग त्या शंभराचे काय? पारावर मला एकाने हेच सुनावले. "तारमास्तर, एक खोटी निघाली म्हणून बाकीच्या खोट्या झाल्या का?" नाही झाल्या. मी तसे म्हणत नाही. त्यांतल्या कितीएक खऱ्या असतील, समोरून गोळ्या आल्या असतील, पोलिसांनी जिवावर उदार होऊन काम केले असेल. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या एका चकमकीचा न्यायालयात शेवटपर्यंत हिशेब झाला, ती खून निघाली. आणि तिचा हिशेब झाला, कारण मरणाराचा भाऊ वकील होता, त्याला तार कुठे करायची ते माहीत होते, आणि पुढे सतरा वर्षे तो थकला नाही. ज्याचा भाऊ हमाल, ज्याची आई धुणीभांडी करणारी, त्याच्यासाठी कुणी तार केली असेल?

मुंबईत १९९५ ते १९९७ या तीन वर्षांत झालेल्या नव्याण्णव चकमकींबद्दल, ज्यांत सुमारे एकशेपस्तीस माणसे मेली, एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याचा निकाल २०१४ मध्ये लागला. त्यात चकमकीनंतर गुन्हा नोंदवायचा, तपास त्याच ठाण्याच्या लोकांकडे न ठेवता दुसऱ्यांकडे द्यायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करायची, आणि चकमकीनंतर लगोलग बढती किंवा शौर्याचे बक्षीस द्यायचे नाही, असे नियम घालून दिले. हे शेवटचे मला फार पटले. खळ्यावर धान्य उफणून झाल्याशिवाय मापे मोजत नाहीत. इथे मळणीच्या आधीच बक्षीस वाटले जाई.

आणि शूर पोलीस कसा असतो, हे आपल्याला मुंबईकडून शिकायचे असेल तर तुकाराम ओंबळे यांच्याकडून शिकावे. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचा हा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात फक्त काठी घेऊन कसाबला सामोरा गेला. त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, पण सोडले नाही. ते गेले, कसाब जिवंत हाती लागला. सगळ्या जगासमोर त्याचा खटला चालला, त्यालासुद्धा सरकारने वकील दिला, आणि सगळी न्यायालये होऊन २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तो फाशी गेला. पारावरच्या त्या गड्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते निराळं." काय निराळे ते मात्र त्याने सांगितले नाही, तंबाखू थुंकायला उठून गेला.

गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत मध्यरात्री माझे दार वाजले. वस्तीवरची एक विधवा बाई, बरोबर धाकटी पोर. मोठ्या मुलाला साध्या कपड्यातले चार जण जीपमध्ये घालून घेऊन गेले होते. कुठल्या ठाण्याचे ते सांगितले नव्हते. मोटारीच्या चोऱ्या चालल्या होत्या, त्यात त्याचे नाव आले असावे. बाई रडत नव्हती, थरथरत होती. म्हणाली, "अण्णा, तार करा. तुमी तारवाले हायसा."

तार नाही हे तिला कुठून कळणार? मी कंदील मोठा केला आणि कागद घेतला. आधी घड्याळ बघून वेळ लिहिली, बारा वाजून पस्तीस मिनिटे. मग मुलाचे नाव, गाव, अंगावर कोणते कपडे, किती वाजता नेला, जीपचा रंग, पोरीला आठवत होते तेवढे नंबराचे आकडे, कोणी पाहिले त्याचे नाव. शेजारच्या पोराला उठवून ११२ क्रमांकावर फोन लावला आणि काय सांगितले ते कागदावर वेळेसकट टिपले. त्याच पोराने मोबाईलवरून तोच मजकूर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कचेरीला पाठवला. त्याच्यावर वेळ आपोआप पडते, हे पाहून मला जरा हायसे वाटले. पोलीस पाटलांना उठवले. ते आधी कुरकुरले, मग आले. सकाळी पोस्ट उघडताच तोच कागद स्पीड पोस्टाने अधीक्षकांना आणि उच्च न्यायालयाला पाठवला, आणि पावत्या बाईच्या हातात दिल्या.

यात मी काही मोठा कायदेपंडितपणा केला नाही. १९८६ साली बंगालमधल्या डी. के. बसू नावाच्या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले होते. त्याचाच अर्ज मानून न्यायालयाने १९९६ मध्ये नियम घालून दिले. पकडणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद तिथल्या तिथे करायचा, त्यावर वेळ आणि तारीख हवी, घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी. नातेवाइकाला कळवले पाहिजे. चोवीस तासांत, वाटेचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. हे चोवीस तासांचे तर घटनेतच आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्याची जुनी नावे गेली, नवी आली, पण या गोष्टी त्यातही आहेत. आपल्या पोलीस पाटलांनी आणि शाळेच्या मास्तरांनी हे एकदा चावडीवर वाचून दाखवले तर रात्री-बेरात्री माझ्यासारख्या म्हाताऱ्याला उठवायची गरज पडणार नाही.

पुतण्याला फोनवर हे सांगितले तेव्हा मला वाटले तो रागावेल. तो म्हणाला, "बरं केलंत काका. कागद आला की आम्हालाही बरं पडतं. साहेबाला सांगता येतं, वरनं विचारणा झालीय म्हणून." मग थोडे थांबून म्हणाला, "आम्हीही स्टेशन डायरीत आणल्याची वेळ आधी लिहितो. निदान मी तरी लिहितो."

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याच्या न्यायालयात उभा केला गेला. गालावर वळ होता, चालत होता. चार दिवसांनी जामिनावर घरी आला. मोटार त्याने चोरली की नाही, त्याची तारीख अजून चालू आहे आणि ते काय ते न्यायालय ठरवील. त्याची आई परवा बाजारात भेटली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या त्या दोन्ही पावत्या काढून मला दाखवल्या आणि विचारले, "अण्णा, ह्या किती दिस ठेवायच्या?"

मी म्हटले, "राहू देत."